तिसरा जनरेटर

दुकानदार अर्धा तास बळवंतालाच जनरेटर दाखवत होता. "साहेब, हा छोटा घ्या. एका हातानं उचलता येतो. यावर अख्खं लग्न निभावतं!"

"लग्न मी ह्यांच्यावरच निभावलंय," नवऱ्याकडे बोट दाखवत सगुणा म्हणाली. "मला वेल्डिंग करायचंय."

दुकानदार गोंधळला. बळवंत हसला. "वेल्डर ती आहे. मी नुसता हमाल."

डोंगरावरच्या वाडीत साकवाचा कठडा तुटला होता. माणसं जीव मुठीत धरून ओढा ओलांडत होती, आणि तिथं वीज नव्हती. सगुणाने सोबत आणलेलं वेल्डिंग मशीन दुकानातच छोट्या जनरेटरला जोडलं आणि रॉड लोखंडाला टेकवला. ठिणगी उडाली, जनरेटर घरघरला आणि बंद पडला. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसरा भला थोरला होता. रॉड संपेपर्यंत त्याचा आवाजही बदलला नाही.

"हाच," सगुणा म्हणाली.

बळवंताने तो उचलून पाहिला. जागचा हलेना. "अगं, डोंगर चढायचाय. जनरेटर घ्यायचाय की नवरा घालवायचाय?"

"दोन्ही जमलं तर बघते."

शेवटी बळवंताने वाडीतल्या तिघांसह तो बांबूला बांधून वर नेला. तिसऱ्या दिवशी कठडा उभा राहिला. पलीकडच्या एका म्हातारीने तो गदागदा हलवून पाहिला, मग काखेत कोंबडी धरून निवांत अलीकडे आली.

बळवंताचा खांदा सुजला होता. "दुखतंय का हो?" सगुणाने हळूच विचारलं.

म्हातारीवरची नजर न काढता तो म्हणाला, "आणखी कुठला साकव मोडलाय का, विचार तिला."