आईचा प्रसंग

अ‍ॅपवर इतर पालकांचे शेरे वाचल्याशिवाय मी लेकीला एकही सिनेमा दाखवत नाही.

"सिनेमा लावतेस की पोलीस चौकशी करतेस?" नवरा नेहमीचंच बोलला.

बदकांच्या या सिनेमात मारामारी नव्हती, शिवीगाळ नव्हती. फक्त प्रत्येकानं बजावलं होतं, "आईचा प्रसंग लहानांना झेपणार नाही."

आम्ही तिघांनी तो सोफ्यावर बसून पाहिला. शेवटपर्यंत आई आलीच नाही.

"झालं समाधान?" म्हणत नवऱ्यानं टीव्ही बंद केला.

काळ्या काचेत तो दिसला, लेक दिसली. काचेतली मी मात्र सोफ्यामागे उभी राहून तिच्या केसांवरून हात फिरवत होते. खरं तर मी तिच्या शेजारीच बसले होते.

लेकीनं हातात धरलेला माझा हात झटकला.

"बाबा, आई आली," काचेकडे बघत ती हसून म्हणाली.