आबा अडकले

या, असे जवळ सरकून बसा. एका निवृत्त हेडमास्तरांची फजिती सांगतो. पुण्य किती लागेल ते देव जाणे, झोप मात्र लागणार नाही.

दर रविवारी हेडमास्तर मोबाईलसमोर उभे राहत. पलीकडे, समुद्रापार, दोन वर्षांची नात. अलीकडे मोज्यांच्या बाहुल्या, कागदी मुकुट आणि बडवायला ताट. ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, ते आता माकड होत, बेडूक होत. नात शांतपणे बिस्कीट खाई. बालमनाचा एवढा गाढा अभ्यास, पण बिस्किटापुढे काही चालेना.

ती खिदळायची एकाच वेळी. खेळ ऐन रंगात आला की नेट अडके. मास्तर तिच्या पडद्यावर एक डोळा मिटून, तोंड वासून तसेच गोठत. नातीचा आवाज तेवढा येत राही, "आबा अडकले! आबा अडकले!"

मास्तरांचा पारा चढे. वायरवाल्याला बोलावणं जाई. तो खांबावर चढे, उतरे, चहा पिऊन सांगे, "आमच्याकडून ओके आहे, सर."

"अरे, असंच चाललं तर पोर मला ओळखणार कशी?"

"रिस्टार्ट करून बघा."

सुट्टीत नात प्रत्यक्ष आली. दारातच आईच्या पायांना मिठी मारून उभी राहिली. मास्तरांनी बाहुल्या नाचवल्या. तिनं तोंड लपवलं. त्यांनी मुकुट चढवला. तिनं भोकाड पसरलं.

"बाबा, नवीन माणसाला घाबरते हो ती," सून समजुतीनं म्हणाली.

नवीन माणूस! हातातला मोजा खाली लोंबला.

"अहो, पुरे त्या कसरती," आजी म्हणाल्या. "तिच्या ओळखीचं काहीतरी करा. अडका!"

"अडकू? मी?"

"मग काय, मी अडकू?"

मास्तरांनी मनात देवाचं नाव घेतलं. एक डोळा मिटला, तोंड वासलं आणि गोठले.

रडं थांबलं. इवली पावलं वाजली. बिस्किटानं चिकट झालेलं एक बोट नाकावर टेकलं. "आबा अडकले!" आणि पोर खिदळत गळ्यात पडली.

मास्तरांनी बराच वेळ नेट येऊ दिलं नाही.

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या वायरवाल्याची आठवण ठेवा. त्या पुण्यवान माणसानं ते कनेक्शन शेवटपर्यंत नीट केलं नाही.