साडेदहाच्या आत

दहा वाजून एकोणीस मिनिटांनी शाळा तपासायला आलेल्या घरत साहेबांनी तिसऱ्यांदा मोबाईल तोंडासमोर धरला आणि मोबाईलने तिसऱ्यांदा सांगितलं, तुम्ही गुजरातमध्ये आहात.

साहेब उभे होते ते महाराष्ट्रातच, उधव्यापुढच्या पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर. पण हद्दीपलीकडचा टॉवर जवळ आणि अलीकडचा डोंगराआड. ॲपला चेहरा पटत होता, जागा पटत नव्हती.

"पुष्पाबाई, हे काय आहे?"

"काय झालं, सर?" पुष्पाबाईंनी फळ्यावर वजाबाकी मांडली. बावन्न वजा सतरा.

"हजेरी लागत नाही. भेटीच्या शाळेतूनच लावायची, नवा नियम आहे. साडेदहाला ॲप बंद होतं."

"हो ना, सर. आम्हाला दोन वर्षं झाली."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. या महिन्यात दोन खाडे पडलेच होते. तिसरा पडला की बढतीच्या यादीतून नाव आपोआप गळणार, आणि यादी आज संध्याकाळी वर जाणार होती. हे त्यांनीच गाडीतून उतरताना हसत हसत सांगितलं होतं, पेढ्यांची तयारी ठेवा म्हणून.

"तुमची रोज कशी लागते?"

बाईंनी खडू खाली ठेवला. शाळेमागे मोहाच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे. त्यावर डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं की अलीकडचा टॉवर मिळतो. तो दगड सापडेपर्यंत बाईंच्या नावावर एक्केचाळीस गैरहजेऱ्या चढल्या होत्या. त्या एक्केचाळीसही दिवस त्या याच फळ्यासमोर होत्या. मुलांच्या वह्या पिशवीत भरून त्या तलासरीच्या कार्यालयात साहेबांपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा साहेबांनी पिशवीत डोकावूनही पाहिलं नव्हतं. 'बाई, यंत्राला तुमच्याशी काय वैर?' एवढंच म्हणाले आणि गोपनीय अहवालात लिहिलं, 'सतत गैरहजर, सबबी सांगतात.' मुख्याध्यापकपद गेलं. नोकरीची आता दोनच वर्षं उरली होती.

"गेटाकडे जाऊन बघा, सर," बाई म्हणाल्या. "बाभळीपाशी."

गेटाकडे तर गुजरातचा टॉवर आणखी पक्का होता. साहेब धावले. हात उंच करून बाभळीभोवती एक फेरी, मग दुसरी. मुलं खिडकीशी जमली.

"बाई, साहेब शिवाशिवी खेळतात का?" सुकऱ्याने विचारलं.

"जागेवर बसा. बावन्नातून सतरा गेले, किती?"

दहा सव्वीस. साहेब धापा टाकत परत आले. शर्ट पाठीला चिकटलेला.

"बाई, तुम्हाला माहीत असणार. पाया पडतो, सांगा."

"यंत्राला तुमच्याशी काय वैर, सर?" बाई अगदी शांतपणे म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला. काहीतरी आठवल्यासारखे ते क्षणभर बाईंकडे बघत राहिले. मग झटकन वळले, वर्गाच्या मधोमध गुडघ्यांवर बसले.

"मुलांनो, तुमच्या बाई रोज मोबाईल घेऊन कुठे उभ्या राहतात? सांगा बरं पटकन."

एकोणतीस मुलं. सगळ्यांना तो दगड ठाऊक. मधल्या सुट्टीत त्यावरून उड्या मारण्याचा त्यांचा खेळ होता. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही खूण केली नाही. त्या फक्त फळ्याकडे बघत राहिल्या. मुलांच्या माना वह्यांत गेल्या.

पहिलीतली रूपी मात्र प्रश्न आला की हात वर करायची, उत्तर येवो न येवो. तिचा हात टुणकन वर गेला. साहेब मोबाईलवरची मिनिटं बघत होते. हात आधी बाईंना दिसला. जून महिन्यात रूपी तोंडातून शब्द काढत नव्हती. हा हात वर यायला बाईंनी चार महिने खर्चले होते.

बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. नुसतं पाहिलं.

साडेदहा वाजले. साहेबांच्या हातातला मोबाईलचा पडदा लाल झाला, ॲप बंद.

रूपीने हात खाली घेतला, आणि पुन्हा वर जाऊ नये म्हणून मांडीखाली दाबून ठेवला.