देव एका गाडीत, दिवटी दुसरीत

सोमवतीच्या जत्रेला जेजुरीला निघायचं, तर दारात गाड्या दोन. शेवंताबाईंच्या मधल्या दिराची जीप आणि धाकट्याचा टेम्पो. विहिरीच्या पाण्यावरून भावांचं बोलणं तुटलं, त्याला तीन वर्षं झाली होती. देवघर मात्र अजून थोरल्या वहिनीकडे, म्हणजे शेवंताबाईंकडेच होतं. त्या ज्या गाडीत बसतील तिच्यात देव बसणार आणि अख्खी भावकी त्याच बाजूला झुकणार, हे सगळेच जाणून होते.

“वहिनी, बसा की,” मधला म्हणाला.

“वहिनी माझ्याकडंच बसणार,” धाकटा गुरकावला.

शेवंताबाईंनी देवांच्या टाकांचा डबा मधल्याच्या हवाली केला. धाकट्याचं तोंड उतरलं. मग खंडोबाची दिवटी छातीशी धरून त्या टेम्पोत चढल्या. ती दिवटी पेटल्याशिवाय या घराची तळी भरत नाही, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

जीप सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर दिसेनाशी झाली. शेवंताबाई मान उंचावून पुढचा रस्ता बघत राहिल्या. आपण घरचे देवच वाटून टाकले की काय?

घाटाच्या पायथ्याला मधला डबा पोटाशी धरून भर रस्त्यात उभा होता. धाकट्यानं करकचून ब्रेक दाबला. मधल्यानं टेम्पोभोवती एक चक्कर मारली, चाक पायानं दाबून पाहिलं आणि भावाकडं न बघताच म्हणाला,

“सुदाम, मागच्या चाकात हवा कमी हाय. दमानं ये. मी पुढंच हाय.”