पुढे गेलेली वाट

“हे घर कुणाचं हो, भाऊ?”

कोपरीच्या चाळीत स्वतःच्याच उंबऱ्यावर उभं राहून आप्पांनी पोटच्या पोराला विचारलेलं. हातात दुधाची पिशवी, डोळ्यांत परक्याचा संकोच. त्याला पंचवीस वर्षं झाली. आज बाळकुमच्या चौदाव्या मजल्यावर, सायकलवर बसल्या बसल्या, प्रफुल्लला तो आवाज पुन्हा ऐकू आला. कारण समोर पूल नव्हता.

काल तो पुलाशीच थांबला होता. जुना दगडी पूल, खाली संथ पाणी, पाण्यात एक रिकामी होडी. फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातला. छातीत दोन स्टेंट बसले तेव्हापासून डॉक्टरांनी रस्त्यावरची सायकल बंद केलेली. म्हणून लेकीनं, संचितानं, घरातच सोय करून दिली. मागचं चाक लोखंडी स्टँडवर चढवायचं, समोर टीव्ही लावायचा. पाय मारू तशी पडद्यावरची वाट सरकते. आपण थांबलो की तीही थांबते, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. आज मात्र ती सुरू झाली थेट सूर्यफुलांच्या शेतात. पिवळंच पिवळं, क्षितिजापर्यंत. पूल कुठेतरी मागे राहिलेला.

“पोचलात का फ्रान्सला?” दर्शनानं स्वयंपाकघरातून विचारलं. “येताना कोथिंबीर आणा.”

तो हसला. पण सीटसुद्धा आज खाली वाटत होती. गुडघे पोटाला लागत होते.

दुसऱ्या दिवशी उतरताना त्यानं डायरीत लिहून ठेवलं. ‘निळ्या दाराचं घर. डावीकडे विहीर.’ सकाळी डायरी उघडली. अक्षर त्याचंच. पडद्यावर ना दार, ना विहीर. उतारावर द्राक्षाचे मळे आणि त्यांच्यामधून नागमोडी निघालेली वाट. म्हणजे आपण पुन्हा सायकलवर बसलो? कधी? की लिहिलं तेच चुकीचं? आठवडाभर हेच चाललं. रोज वाट चार-पाच किलोमीटर पुढे गेलेली.

तो गुपचूप स्वतःची परीक्षा घेऊ लागला. कोलशेतच्या कंपनीतला हजेरीचा नंबर आठवला. चाळीतली सगळी बिऱ्हाडं ओळीनं आठवली. रविवारी पहाटे सायकल काढून एकटाच कल्याण ओलांडून रायत्याच्या पुढे जायचा, त्या गावरस्त्यावरची चिंचेची झाडं आठवली, त्यातलं वीज पडलेलं कुठलं तेही आठवलं. सगळं जागच्या जागी. मग जातंय ते काय? आणि गेलेलं गेलं, हे जाणाऱ्याला कळणार तरी कसं? आप्पांचंही असंच सुरू झालेलं. आधी चष्मा. मग चावी. मग घर.

एक दिवस आपण दर्शनाला विचारणार, बाई तुम्ही कोण. त्या विचारानं त्याला घाम फुटायचा.

रविवारी जेवायच्या आधी त्यानं विषय काढला. “सायकल देऊन टाकू. राजरत्नला सांगतो, घेऊन जा म्हणून.”

राजरत्न त्याचा पुतण्या. भाकरी थापणारा दर्शनाचा हात थांबला. “का? खायला मागते का ती?”

“उगाच जागा अडवते.”

“अडवू दे की.”

“अगं, तूच म्हणायचीस ना, हॉल आहे की गॅरेज?”

“तेव्हा म्हटलं असेल. आता नाही म्हणत.”

प्रफुल्ल गोंधळला. सायकलवरून हिनं किती डोकं खाल्लेलं. की तेही आपण भलतंच आठवतोय? तो खुर्चीत बसला.

“दर्शना, माझं आप्पांसारखं व्हायला लागलंय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. पूल, निळं दार, विहीर, डायरी. “मी झोपेत उठून चालवत असेन बहुतेक. मला काही म्हणजे काही आठवत नाही गं.”

तव्यावरची भाकरी करपली. दर्शनानं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानंच त्याच्यासमोर येऊन बसली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झालेला.

“अहो, गप बसा. डोकं ठिकाणावर आहे तुमचं.”

“मग वाट पुढे कोण नेतं?”

ती बंद टीव्हीकडे बघत राहिली. “मी.”

दुपारी तो गोळी घेऊन झोपला की ती खोलीचं दार लोटून घ्यायची. टीव्हीचा आवाज बंद. संचिताची जुनी ट्रॅकपँट चढवायची, सीट खाली करायची, आणि उतरल्यावर अंदाजानं पुन्हा वर. मधला अर्धा तास ती असायची आणि वाट असायची.

प्रफुल्लच्या जिवात जीव आला. तो हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला. “म्हणजे मी वेडा नाही! अगं, पण तू? तुला सायकल येते कधीपासून?”

दर्शना हसली नाही. बोटांना चिकटलेलं पीठ ती सावकाश सोडवत राहिली.

“विसरायचं म्हणाल, तर तेवढंच एक विसरलात,” ती म्हणाली. “मला बघायला आलेलात, तेव्हा तुम्हीच विचारलंत, काय काय येतं. मी म्हणाले, सायकल येते, शहाडवरून टिटवाळ्याला एकटी जाते. तुमच्या घरचे सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही म्हणालात, मग लग्नानंतर दोघं जाऊ.”