भिंतीकडे तोंड

१९७८ साली आमच्या गावाला पहिला हापसा मंजूर झाला. तो चावडीपुढे बसवायचं सरपंचांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं होतं. नवा ग्रामसेवक म्हणाला, सभेत बायकांनाही विचारा. आम्ही गेलो, पण मोठ्यांसमोर सुनांनी बोलायची रीत नव्हती. सगळ्या पदर सावरत गप्प बसलो.

"यांच्याकडं बघू नका, म्हंजे बोलतील," सासूबाई पुरुषांना म्हणाल्या. "फिरा भिंतीकडं."

"आता आम्हालाच पदर घ्यायला लावशील," मामंजी पुटपुटले, पण फिरले. मग सगळेच फिरले.

माझी थोरली जाऊ हौसा बोलली, "चावडीपुढनं जाताना चपला हातात घ्याव्या लागत्यात. कडेवर पोर. मग घागर धरू कशात? हापसा खालच्या आळीत पायजे."

"ही कुणाची सून?" मामंजींनी विचारलं.

"तुमचीच," सासूबाई म्हणाल्या. "आठ वर्सं घरात हाय."

"बसवा खालच्या आळीत," ते भिंतीलाच म्हणाले.

ग्रामसेवकाची बदली झाली. सासूबाई लवकर वारल्या. म्हातारपणी मामंजींना दिसेनासं झालं, तेव्हा ते हौसाला आवाजावरून ओळखत. हौसा गेल्या वर्षी गेली. मी आता चावडीपुढून चपला घालून जाते.