बाराचा भोंगा

"मर्ल, उद्या गावसभेला ये, आणि या एका वेळेला तोंड बंद ठेव," लोरेना टटल दारातूनच म्हणाली.

मर्ल गोकीला असं सांगायची पाळी साऱ्या गावावर कधी ना कधी आली होती. व्हरमाँटच्या डोंगरातल्या टॅम्ब्री गावात घरपट्टी वाढवायची म्हटली की हा गृहस्थ उठलाच म्हणून समजा. शाळेचं छप्पर, पुलाचे कठडे, चौकातला दिवा, कशालाही त्याचा विरोध. दिवा कशाला हवा, रात्री शहाणी माणसं झोपतात, असं तो भर सभेत म्हणाला होता. दिवा अजून लागलेला नाही.

आता अग्निशमन दलाला नवा बंब हवा होता. दलात सगळे गावातलेच लोक, शेतकरी, सुतार, दुकानदार. आग लागली की हातातलं काम टाकून धावायचं. पगार कुणालाच नाही. पण बंब विकणारा काही स्वयंसेवक नसतो, त्याचे पैसे घरपट्टीतूनच यायचे.

"आत ये, कॉफी घे."

"कॉफी नको. शब्द दे."

त्यानं शब्द दिला. इतक्या पटकन दिला की लोरेनालाच चमत्कारिक वाटलं.

पानगळीच्या दिवसांत तिची एकुलती एक मुलगी, नदीन, टेकडीपलीकडच्या आपल्या घरात जळून गेली. लोरेना आणि तिचा नवरा एल्विन भर दुपारी घरीच होते. साडेबाराच्या सुमाराला दलाचा प्रमुख रॉइस बॅचेल्डर मोटारीचा हॉर्न बडवत आला आणि एल्विन तसाच धावत सुटला. तोवर सगळं संपलं होतं. वर्दी नुकतीच आली होती, त्यात बंब चालूच होईना, असं रॉइसनं नंतर तिला सांगितलं. सांगताना तो टोपी चुरगळत होता. दलात उभा जन्म काढलेला एल्विन शेजारी जमिनीकडे बघत उभा होता.

हिवाळाभर लोरेना बर्फ तुडवत घरोघरी गेली. प्रत्येक दारात तिनं एकच सांगितलं, माझी पोर त्या खटाऱ्यानं नेली, तुमची जाऊ नये. लोक मान खाली घालून ऐकायचे. तिला वाटायचं, खिशाचा विचार करताहेत.

घरात तर बोलायला कुणी उरलं नव्हतं. एल्विननं दुपारचं जेवण सोडलंच होतं. बारा वाजत आले की तो गोठ्यात जाऊन बसायचा, आणि लोरेना एकटी पानावर बसायची. पोरीच्या दुःखानं माणूस खंगत चाललाय, हे तिला दिसत होतं. तिचं स्वतःचं काळीजही जागेवर नव्हतं, ती त्याला काय सांगणार?

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. मागच्या टेबलांवर बायकांनी घेवड्याची भांडी आणि पाव मांडून ठेवले होते. रॉइसनं नव्या बंबाचा आणि त्यासाठी घरपट्टी वाढवण्याचा ठराव मांडला. मर्ल उठला. लोरेनानं डोळे मिटून घेतले.

"माझं अनुमोदन," एवढंच म्हणून तो बसला.

एरवी हशा पिकला असता. कुणी हसलं नाही. हात वर झाले, सगळेच्या सगळे. लोरेना रडत उभी राहिली. गावानं तिला एकटं टाकलं नव्हतं.

"एक राहिलं," ती डोळे पुसत म्हणाली. "तेवढा भोंगा दुरुस्त करून घ्या. पानं कधी घ्यायची तेच कळत नाही आता."

दलाच्या शेडवरचा भोंगा आगीसाठी होता, पण तो चालू आहे ना हे बघायला रोज बाराला एकदा वाजवत, आणि सारं टॅम्ब्री त्यावर जेवायला बसे. भोंगा जुना होता. कधी अडकला की केकाटतच राहायचा, कुणीतरी जाऊन थोपटेपर्यंत. आज त्यालाच जास्त भूक लागलीय, असं लोक हसत म्हणायचे. पानगळीपासून मात्र तो बाराला वाजत नव्हता.

मोटर जळलीय, असं रॉइस पुटपुटला.

"एका वर्षी एकच खर्च, लोरेना," मर्ल म्हणाला. "मला झेपू दे जरा."

आता लोक हसले, हवं त्यापेक्षा जास्तच. लोरेनाही हसली, आणि वाढायला मागच्या टेबलाकडे गेली.

रॉइस, मर्ल आणि एल्विन रस्ता ओलांडून शेडमध्ये आले. रॉइसनं जुन्या बंबाची किल्ली फिरवली. बंब पहिल्या झटक्यात सुरू झाला, नेहमी व्हायचा तसा.

"अजून दहा वर्षं चालला असता," मर्ल म्हणाला.

रॉइसनं बंब बंद केला.

"एल्विन, तू म्हणालास म्हणून आम्ही सगळं या बंबावर ढकललं," मर्ल म्हणाला. "पण आता तिला खरं सांगून टाकू. आगीचा फोन नेमका बाराला आला, रॉइसच्या बायकोनं बटण दाबलं, भोंगा केकाटत राहिला, आणि अख्खं गाव म्हणालं, आज परत अडकला. सगळेच पानावर बसून राहिलो. देऊ दे तिला शिव्या, आमची लायकीच तेवढी आहे. तू एकट्यानं का कुढायचं?"

एल्विननं बंबाच्या थंड पत्र्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसून राहिलात. मी उठलो होतो," तो म्हणाला. "एक बूट चढवलाही होता. लोरेनानं माझी बाही धरली. म्हणाली, बस रे, बाराचा आहे तो. सूप निवतंय."